संशयाचा फायदा कुणाला?

नियम लिहिणे सोपे असते. खरी परीक्षा असते तो लागू करणाऱ्याची. बँकेतल्या नोकरीने माझे हे मत पक्के केले आहे. सर्क्युलर मुख्य कचेरीत टाइप होते, पण ते लागू करायचे असते तालुक्याच्या शाखेत, काउंटरपलीकडे हातात पासबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. त्यामुळेच असेल, पण कोणताही खेळ पाहताना माझे लक्ष खेळाडूंपेक्षा पंचांकडे अधिक जाते. आणि पंचगिरीचा पेच जितका अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसत असेल.

हे फुटबॉल आपल्या ओळखीचे नव्हे. इथे चेंडू लंबगोल असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक हाताळला जातो. मैदान 100 यार्डांचे. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचे. नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाला. या प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. नियम मोडला की पंच कमरेला खोचलेला पिवळा रुमाल मैदानात फेकतो. दंड यार्डांत मोजला जातो : वेळेआधी सीमा ओलांडली तर 5 यार्ड, प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले तर 10, धोकादायक आगळीक केली तर 15. म्हणजे गुन्ह्याची किंमत जमिनीत वसूल होते. हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये!

त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. दंड परस्पर लादला जात नाही. ज्या संघावर अन्याय झाला त्याला विचारले जाते : दंड हवा, की झाली ती खेळी आहे तशी मान्य? खेळीचा निकाल आपल्या फायद्याचा असेल तर तो संघ दंड नाकारतो. दंडाचा हेतू गुन्हेगाराला रडवणे हा नसून नुकसान भरून काढणे हा आहे, हे इतक्या सरळपणे सांगणारी तरतूद मी आमच्या दंडव्याजाच्या सर्क्युलरात कधी पाहिली नाही.

पण खरा पेच आहे तो ‘टार्गेटिंग’ नावाच्या नियमाचा. शिरस्त्राणाचा माथा पुढे करून धडक मारणे, किंवा स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर वा मानेवर आघात करणे, हा गुन्हा. 2013 पासून त्याला 15 यार्डांच्या दंडाबरोबर मैदानातून हकालपट्टीही जोडली गेली. खेळणारी मुले अठरा ते बावीस वर्षांची. डोक्याला बसलेला मार त्या दिवशी दिसतोच असे नाही. तो पुढच्या आयुष्यात उगवतो. म्हणून नियमपुस्तकाने पंचाला स्पष्ट सांगितले आहे की शंका असेल तर तो गुन्हाच समजावा.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मनाला हे वाक्य खटकते. संशयाचा फायदा फलंदाजाला, हे आपण गल्लीतल्या टेनिस बॉलच्या सामन्यातही पाळले. मग इथे उलटे का? कारण क्रिकेटमध्ये पंच चुकला तर एक विकेट जाते किंवा राहते. इथे पंच गप्प राहिला तर एखाद्या मुलाची मान जाऊ शकते. ज्याचे नुकसान भरून येणार नाही, त्याच्या पारड्यात संशय टाकायचा.

मात्र ज्या मुलाला बाहेर काढले, त्याचे काय? त्याने धडक खांद्याने मारायची ठरवली असेल आणि समोरच्याने ऐनवेळी मान खाली घातली असेल. म्हणून प्रत्येक हकालपट्टीची चित्रफीत पुन्हा पाहिली जाते. 2013 च्या मोसमात तर गंमतच होती : चित्रफीत पाहून खेळाडू निर्दोष ठरला तरी 15 यार्डांचा दंड कायम राही! आरोपी सुटला, पण दंडाची रक्कम परत नाही. 2014 मध्ये ही विसंगती दूर झाली. 2019 मध्ये आणखी एक पाऊल पडले. चित्रफितीत गुन्ह्याचा प्रत्येक घटक सिद्ध झाला तरच निर्णय टिकेल, नाहीतर रद्द. म्हणजे मैदानावर, क्षणार्धात निर्णय घेताना, संशय शरीराच्या बाजूने. आणि पडद्यासमोर, सवडीने निर्णय घेताना, संशय आरोपीच्या बाजूने. दोघांनाही न्याय द्यायची ही धडपड आहे. ती पूर्ण यशस्वी होते असे नाही. प्रेक्षक शिव्या घालतात, प्रशिक्षक टोप्या आपटतात.

आणि नियम कितीही घासूनपुसून घेतला तरी माणूस चुकतोच. 10 सप्टेंबर 2016 रोजी ओक्लाहोमा स्टेट संघ सेंट्रल मिशिगनविरुद्ध 27–24 असा पुढे होता. घड्याळात चार सेकंद. त्यांच्या खेळाडूने वेळ संपवण्यासाठी चेंडू दूर मोकळ्या जागेत भिरकावला. हाही गुन्हाच. गुन्ह्यावर सामना संपू नये, म्हणून प्रतिपक्षाला एक जादा खेळी द्यावी, हा सर्वसाधारण नियम. पण ज्या गुन्ह्याच्या दंडात डाऊन गमावणे येते, त्याला अपवाद आहे आणि हा गुन्हा त्या अपवादातला होता. सामना तिथेच संपायला हवा होता. पंचांना मुख्य नियम आठवला, अपवाद आठवला नाही. जादा खेळी दिली गेली आणि सेंट्रल मिशिगन 30–27 असे जिंकले. पंचांनी चूक कबूल केली, ते निलंबित झाले. निकाल मात्र बदलला नाही. सामना संपल्याचे पंचाने जाहीर केले की गुणफलक अंतिम, असा नियम आहे.

बँकेत चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी उलटवता येते. मैदानावर उलट नोंदीची सोय नाही. ती सोय करावी असेही मला वाटत नाही. दर सोमवारी निकाल फिरू लागले तर खेळावरचा विश्वासच उडेल. मग चुकीने मिळालेल्या विजयाचे करायचे काय?

याचे एक उत्तर जुने आहे. 16 नोव्हेंबर 1940 रोजी कॉर्नेल विद्यापीठाने डार्टमथला 7–3 असे हरवले. नंतर चित्रफीत पाहिली तेव्हा कळले की पंचांनी कॉर्नेलला चारऐवजी पाच डाऊन दिले होते आणि विजयाचे गुण त्या पाचव्यावर आले होते. निकाल बदलण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. कॉर्नेलने डार्टमथला तार केली आणि विजय परत केला. आजही त्या सामन्याची नोंद डार्टमथ 3, कॉर्नेल 0 अशीच आहे. 1990 साली मिसुरीविरुद्ध असाच पाचवा डाऊन मिळून कोलोरॅडो 33–31 असे जिंकले. त्यांनी विजय ठेवून घेतला. नियमाने दोघेही बरोबर होते!

नियमाची हद्द कुठे संपते, हे या दोन सामन्यांइतके स्वच्छ मला कुठल्या सर्क्युलरने सांगितले नाही. पंचाने संशय कुणाच्या पारड्यात टाकायचा, हे पुस्तक सांगू शकते. पण चुकून आपल्या पदरात पडलेले परत करायचे की नाही, हे पुस्तकात नसते. काउंटरवर जास्त आलेली नोट परत करताना मुलाला आपण जे शिकवतो, तेवढेच तिथे उपयोगी पडते.