पटाबाहेरचे न्यायाधीश

बेंगळुरूमधील चामराजपेट ही वसाहत १८९२ साली उभी राहिली आणि तिला म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव मिळाले. चामराजेंद्रांना दत्तक घेणारे तिसरे कृष्णराज वडियार हे बुद्धिबळाचे मोठे शौकीन होते. एकटा घोडा आपल्या अडीच घरांच्या चालीने पटावरील चौसष्ट घरांत एकेकदाच जाऊन येईल, अशी कोडी रचण्याचा त्यांना छंद होता. या कोड्यात समोर प्रतिस्पर्धी नसतो, शेजारी घड्याळ नसते आणि कोणी हरतही नाही. आज चामराजपेटेत काय किंवा नागपुरात काय, बुद्धिबळ पाहिले जाते ते बहुधा मोबाइलच्या पडद्यावर. आणि तेथे सर्वाधिक चर्चा होते ती याच्या अगदी उलट जातीच्या खेळाची, म्हणजे बाद पद्धतीच्या विश्वचषकाची.

ही पद्धत निर्दय आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात झालेल्या विश्वचषकात २०६ खेळाडू होते. वरच्या पन्नास मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीतून सूट होती. उरलेल्या १५६ जणांतून ७८ पुढे आले, ते या पन्नासांना मिळाले आणि मग १२८, ६४, ३२ असा आकडा फेरीगणिक निम्मा होत गेला. प्रत्येक फेरीत दोन पारंपरिक डाव. त्यांत निकाल लागला नाही, तर दुसऱ्या दिवशी कमी वेळाचे जलद डाव. तेही बरोबरीत सुटले, तर त्याहून जलद. साखळी स्पर्धेत एखादा वाईट दिवस पुढच्या आठ-दहा दिवसांत भरून काढता येतो. येथे वाईट दिवस उगवला की सामान बांधायचे. २०६ जणांपैकी २०५ जणांनी कोठे ना कोठे हरलेच पाहिजे, ही या स्पर्धेची अटच आहे.

हा साधा हिशेब पाहणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. जिंकणारा एकच असणार हे ठाऊक असूनही हरणाऱ्या प्रत्येकाने जणू काही अपराध केला आहे, अशा सुरात बोलण्याची सवय आपल्या समाजाला लागली आहे. तिचे मासले शोधायला दूर जावे लागत नाही.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटूमी येथे महिलांचा विश्वचषक झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखला तेथे पंधरावे मानांकन होते आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या नावावर नव्हता. तिने दुसरे मानांकन असलेल्या झू जिनेरला हरवले, द्रोणवल्ली हरिका यांना हरवले, माजी विश्वविजेत्या तान झोंगयी यांना हरवले आणि ती अंतिम फेरीत पोहोचली. समोर होत्या कोनेरू हंपी. दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात हंपी यांच्या घड्याळातील वेळ सरत आला, शेवटच्या टप्प्यात त्यांच्या हातून चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने तो डाव जिंकला. एकोणीस वर्षांची मुलगी विश्वचषकविजेती झाली आणि त्या विजयानेच भारताची ८८ वी ग्रँडमास्टरही झाली. नागपुरात तिचे जंगी स्वागत झाले. महाराष्ट्र शासनाने तीन कोटी रुपये देऊन तिचा गौरव केला. हे सारे योग्यच झाले.

पुढे तीनच महिन्यांनी गोव्याच्या खुल्या विश्वचषकात तिला विशेष प्रवेश मिळाला. २०६ खेळाडूंत ती एकटीच स्त्री होती. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या स्टामाटिस कुरकुलोस-अर्दितिसने तिला बाद केले. अशा वेळी उमटणारे उद्गार ठरलेले असतात. आधीचा विजय नशिबाचा होता. सत्कारांनी डोके फिरले. उगाच डोक्यावर घेतले. जुलैमध्ये जे तोंड भरून बोलत होते, त्यांच्यापैकीच काहींना नोव्हेंबरमध्ये हे शहाणपण सुचते. वस्तुतः दोन्ही वेळी खेळणारी मुलगी एकच होती. बाटूमीत तिने अनेकदा काठावरून सामने काढले आणि गोव्यात तसा एकही काढता आला नाही, एवढाच काय तो फरक.

बाटूमीच्या अंतिम फेरीतील दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. दोन्ही खेळाडू भारतीय. त्यामुळे कोणीही जिंकले तरी आनंदच, असे म्हणणारे पुष्कळ होते. तरीही आपला तो बाब्या, ही वृत्ती जात नाही. बेंगळुरूच्या जुन्या भागांत पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत. चामराजपेटेतील अशा एखाद्या घरातील मुलगा दारात कन्नड बोलतो, स्वयंपाकघरात मराठी. त्याची ‘आपली’ खेळाडू कोण? नागपूरची दिव्या, की शेजारच्या आंध्रातील हंपी? सीमा ओलांडून वाढलेल्या अशा मुलाला दोघींविषयीही जिव्हाळा वाटू शकतो. त्याच्या वडीलधाऱ्यांनी तो वाटू द्यावा एवढेच. भाषेचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. पण आपल्या भाषेची मुलगी जिंकली म्हणून समोरच्या बाईने आता घरी बसावे, असे बोलणे हा अभिमान नव्हे, तो निव्वळ असंस्कृतपणा होय. हंपी यांनी २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर किताब मिळवला, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. भारतीय मुलींनी या किताबाची स्वप्ने पाहावीत हे ज्यांच्यामुळे शक्य झाले, त्यांना निवृत्तीचा सल्ला देणाऱ्यांनी स्वतः एखादा डाव शेवटपर्यंत नेला आहे काय?

स्त्री खेळाडूंच्या वाट्याला तर याहूनही वाईट येते. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धा संपल्यावर दिव्याने जाहीरपणे लिहिले की, आपल्या खेळाकडे दुर्लक्ष करून प्रेक्षक आपले केस, कपडे आणि बोलण्याची ढब यांवर शेरे मारतात. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. ही तक्रार नवी म्हणावी तर तशीही नाही. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर अवघ्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेले आणि तिचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांना, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा द्यावा लागला. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत नियम सुधारले. पाहणाऱ्यांची नजर मात्र त्या वेगाने सुधारली नाही.

पूर्वी पटाभोवती जमणाऱ्या बघ्यांना एक अलिखित नियम असे : मध्ये बोलायचे नाही. चाल दिसली तरी ओठ मिटून बसायचे. आज बघ्याच्या हाती संगणक आहे. पडद्याच्या कडेला एक पट्टी असते; कोणाची बाजू किती वरचढ आहे, हे ती क्षणोक्षणी दाखवते. खेळाडूला मात्र ती दिसत नाही. त्याच्यापुढे असतात मोहरी, सरणारा वेळ आणि स्वतःची शंका. पट्टी एकदम खाली घसरली की चामराजपेटेतल्या बाकावर किंवा पुण्यातल्या कट्ट्यावर बसलेला माणूस म्हणतो, “एवढेही कळले नाही?” त्याला तरी कोठे कळले होते? यंत्राने सांगितले म्हणून कळले. दुसऱ्याच्या ज्ञानावर मिळालेला हा मोठेपणा फार घातक असतो, कारण तो फुकट असतो.

गोव्यात भारताला पहिली तिन्ही मानांकने मिळाली होती; साहजिकच अपेक्षा उंच होत्या. विश्वविजेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला. नाशिकचा विदित गुजराथीही त्याच फेरीत बाद झाला. प्रज्ञानंद चौथ्या फेरीत डॅनिल दुबोवकडून हरला. अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या वेई यीकडून टायब्रेकमध्ये पराभूत झाला आणि यजमान देशाचा एकही खेळाडू उपांत्य फेरीत उरला नाही. चषकाला नाव होते विश्वनाथन आनंद यांचे. तो उंचावला उझबेकिस्तानच्या एकोणीस वर्षांच्या जावोखिर सिंदारोवने. दुःख व्हावे असेच हे होते. परंतु गुकेशचा पराभव म्हणजे विश्वविजेतेपदाला लागलेला डाग, असे ज्यांना वाटले, त्यांनी २०१७ साल आठवावे. त्या वर्षी तिबिलिसीच्या विश्वचषकात तत्कालीन विश्वविजेता मॅग्नस कार्लसन तिसऱ्याच फेरीत चीनच्या बू शियांगझीकडून हरला होता. हा चषक जिंकायला त्याला २०२३ पर्यंत थांबावे लागले. खुद्द आनंद यांनी २००० सालची बाद पद्धतीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच स्पर्धेत, मॉस्को येथे, उपांत्य फेरीत ते इव्हान्चुककडून पराभूत झाले.

याचा अर्थ चाहत्यांनी टाळ्यांखेरीज काही करूच नये, असा मुळीच नाही. चाहत्यांवाचून खेळ जगत नाही आणि ज्याला वाईट वाटत नाही तो चाहताच नव्हे. खेळाडूची तयारी अपुरी होती, सुरुवातीच्या चाली चुकीच्या निवडल्या, वेळ वाया घालवला, असे जरूर म्हणावे. मात्र असे म्हणण्यासाठी डाव पाहावा लागतो. कोणत्या चालीला उंट बाजूला पडला, कोणते प्यादे उगाच पुढे सरकले, हे बोटाने दाखवता यावे लागते. ज्याला हे दाखवता येते, त्याचा राग खेळाडूलाही उपयोगी पडतो. आणि डाव असा एकदा खेळून पाहिला की बहुधा रागाची धारही बोथट होते. सांगलीसारख्या गावात नूतन बुद्धिबळ मंडळाने जी परंपरा घडवली, तिच्यात डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो पुन्हा मांडणे हा खेळाचाच भाग मानला जातो. हरलेला आणि जिंकलेला तेव्हा एकाच बाजूला बसून शोध घेत असतात. चाहत्यालाही तेथे जागा मिळते.

गोव्यातील पराभवानंतर महिनाभरातच, डिसेंबर २०२५ मध्ये, दोहा येथे जागतिक जलद व अतिजलद स्पर्धा झाल्या. त्या दोन्हींमध्ये अर्जुनने कांस्यपदक मिळवले. हंपी, ज्यांना अनेकांनी जुलैमध्येच निरोप देऊन टाकला होता, महिलांच्या जलद स्पर्धेत पहिल्या क्रमांकाइतकेच गुण मिळवून टायब्रेकमुळे तिसऱ्या आल्या. या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या खऱ्या, पण नोव्हेंबरमधल्या निकालांवर जेवढे बोलले गेले, तेवढे त्यांच्यावर कोणी बोलले नाही.