वैमानिकाची नोटीस आणि मालकांचं संगनमत

गडचिरोलीच्या ग्रामसभांना तेंदूपत्त्याच्या लिलावातली एक गोष्ट पक्की कळलेली आहे. चार ठेकेदार वेगवेगळे आले तर दर चढतो. तेच चौघे आधी आपसांत बोलून आले तर पडतो.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा वैमानिकांच्या फेडरेशनने केलेला आरोप मला म्हणूनच ओळखीचा वाटला. विश्रांतीचे नवे नियम लागू होणार हे दोन वर्षं आधीपासून माहीत असूनही कंपनीने भरती थांबवली, पगार गोठवले आणि एकमेकांचे वैमानिक न घेण्याचा समझोता केला, असं फेडरेशनचं म्हणणं. हा आरोप आहे, निकाल नाही. पण असा समझोता जिथे होतो तिथे तो बोलीवर बसलेल्या ठेकेदारांच्या समझोत्याहून वेगळा नसतो. फक्त इथे माल म्हणजे माणसाचं कसब.

उघड नियमही कडकच आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची नोटीस ठरवली. जुन्या कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र नसेल तर नव्या कंपनीने घ्यायचं नाही. कारण खोटं नाही. एका जातीच्या विमानावर माणूस तयार करायला महिने लागतात, आणि तो अचानक गेला तर प्रवासी अडकतो. २०२३ मध्ये अकासाचे ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, उड्डाणं रद्द झाली, कंपनी मुंबई आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेली. त्या वैमानिकांची बाजू मी घेणार नाही. करार पाळण्याची ताकीद सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे, आणि ती पगारदारालाही लागू आहे.

मात्र त्याच कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी देणारे, हा तिचा विषय. जेट एअरवेजने महिनोन्‌महिने पगार थकवले आणि १७ एप्रिल २०१९ ला तिची विमानं थांबली. तिथल्या लोकांना वर्षाची नोटीस कुणी दिली? आणि अकासाचंच पुढे काय झालं बघा. बोईंगकडून विमानं वेळेवर येईनात आणि भरती करून ठेवलेले कितीतरी वैमानिक उड्डाणाची वाट बघत बसले. बसून राहिलेल्या वैमानिकाचेही तास वाढत नाहीत, आणि तासांशिवाय तो कॅप्टन होत नाही.

आम्हा शिक्षकांना हे परकं नाही. महाराष्ट्राच्या १९८१ च्या खासगी शाळांच्या नियमावलीत कायम शिक्षकाला राजीनाम्यासाठी तीन महिन्यांची नोटीस आहे, आणि ती देता येत नसेल तर तेवढा पगार भरून सुटता येतं. म्हणजे वाट आहे. अर्थात कागदावर. आमच्या भागात उर्दू शाळा मोजक्या, संस्थाचालक एकमेकांचे ओळखीचे. "आमचा माणूस घेऊ नका" एवढा एक फोन पुरतो, मग नियम काहीही म्हणो. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याचे किस्से तर बीएड झालेल्या प्रत्येकाकडे असतील.

वैमानिकाचा पगार शिक्षकाच्या कितीतरी पट असतो, मग त्याची कणव कशाला, असं कुणी म्हणेल. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, गोंदियाला बिरसीत प्रशिक्षण आहे, आणि आपली मुलं आता तिकडे बघू लागली आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं. खर्च सहज पन्नास लाखांच्या आसपास जातो. राजुऱ्याच्या किंवा वडशाच्या घरात तेवढे पैसे येतात ते जमीन विकून किंवा कर्ज काढून. असा मुलगा पहिल्या नोकरीला चिकटतो तो खुशीने नव्हे, हप्त्यामुळे. दुसरी कंपनी बोली लावणारच नाही हे आधीच ठरलेलं असेल, तर पहिलीला त्याचा पगार वाढवायची गरज काय?

नोटीस असावी. तीन-चार महिन्यांची, दोन्ही बाजूंना सारखी, आणि पगार थकला की त्या दिवसापासून ती संपलेली. प्रशिक्षणाचा खर्च कंपनीने केला असेल तर तो हिशेबाने, वर्षागणिक कमी होत, परत घ्यावा. आणि न घेण्याच्या समझोत्याची चौकशी स्पर्धा आयोगाने करावी, सिमेंटच्या दराची करतो तशीच.