वाचनसप्ताह वाया गेला काय?

आमच्या प्राथमिक विभागांतील इयत्ता चौथीच्या वर्गानें यंदा एक संपूर्ण आठवडा नेमलेलीं पुस्तकें दप्तरांतच ठेवून गोष्टी वाचण्यांत, ऐकण्यांत आणि त्यांवरून चित्रें, बाहुल्या व पुस्तकें तयार करण्यांत घालविला. याबद्दल कांहीं पालकांनीं नाराजी दर्शविली. तेवढ्या दिवसांत गणिताचें एक प्रकरण सहज झालें असतें, असें त्यांचें म्हणणें. तें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. पोटास चिमटा घेऊन मुलांना शिकविणाऱ्या मनुष्यास शाळेकडे दिवसांचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. तेव्हां तो हिशेबच पाहूं.

चौथींतील पुष्कळ मुलें अक्षरास अक्षर जोडून वाचतात. त्या जोडण्यांतच त्यांची सारी शक्ति खर्च होते आणि वाक्याचा शेवट हातीं येईपर्यंत आरंभ निसटून गेलेला असतो. हा अडथळा पुष्कळ आणि सोपें वाचल्यानेंच दूर होतो. आणि पाठ्यपुस्तक कितीही चांगलें असलें तरी तें पुष्कळ नसतें. गणिताचें उदाहरण तरी शेवटीं शब्दांतच घातलेलें असतें ना? 'उरलेले आंबे' आणि 'उरलेल्यांपैकीं निम्मे आंबे' यांतील भेद ज्यास वाचून उमगत नाहीं, त्याचें गणित कच्चें म्हणावें कीं वाचन?

सप्ताहाच्या पहिल्या दिवशीं बाईंनीं कपाट उघडून सारीं पुस्तकें सतरंजीवर पसरलीं. हवें तें घ्यावें, नावडल्यास परत ठेवावें, एवढाच नियम. नावडलेलें पुस्तक परत ठेवण्याची ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. थोरांस ती नेहमींच असते, मुलांस क्वचित् मिळते. त्यानंतर रोज अर्धा तास बाई मोठ्यानें वाचून दाखवीत. दोन ओळी वाचतांना ज्याला घाम फुटतो, तोच मुलगा त्याहून कितीतरी अवघड गोष्ट कानानें ऐकून नीट समजतो, आणि पुढें काय झालें हें कळावें म्हणून तें पुस्तक मागून घेतो. या कामास पैसा लागत नाहीं. पालकहो, तें घरीं रात्रीं जेवणानंतरही होण्याजोगें आहे.

पुस्तक तयार करण्याचें काम मात्र मीं जवळ बसून पाहिलें. कागदाचा मोठा ताव तीन वेळां दुमडला, मध्यें दोऱ्यानें टांका घातला आणि कडा कापल्या कीं आठ पानांचें, म्हणजे सोळा पृष्ठांचें, पुस्तक होतें. सोळा पृष्ठें भरावयाचीं म्हटल्यावर गोष्ट कोठें तोडावी, चित्र कोठें घालावें, पान उलटेपर्यंत काय लपवावें, हा विचार आपोआप सुरू झाला. एकानें ससा आणि कांसवाच्या गोष्टींत कांसवाकडून सशाला जागें करविलें. एका मुलीनें आजीची गोष्ट घरच्या अहिराणींत लिहिली आणि हें चालेल काय, असें भीत भीत विचारलें. चाललें, इतकेंच नव्हे, तर वर्गानें तें दोनदां वाचून घेतलें.

मुलांस गोष्टी देणें हें नवें खूळ नव्हे. अमेरिकन मराठी मिशननें सन १८७३ मध्यें मुलांसाठीं 'बालबोधमेवा' हें मासिक सुरू केलें. नांवांतच मेवा आहे, काढा नव्हे! सन १९२० मध्यें भावनगरास बालमंदिर उघडणाऱ्या गिजुभाई बधेका यांनीं 'दिवास्वप्न' या पुस्तकांत एक कल्पित शिक्षक रंगविला आहे. चौथीचाच दांडगा वर्ग त्याच्या वांट्यास येतो, आणि तो वर्ग छडीनें नव्हे तर गोष्टीनें ताळ्यावर येतो.

परंतु सप्ताहांतील सर्वच गोष्टी मला मान्य आहेत असें नव्हे. शनिवारची वेषभूषा नसती तरी चाललें असतें. पोशाख भाड्यानें आले, कित्येक माता रात्रभर जागल्या, आणि ज्यांच्या घरीं हें परवडलें नाहीं तीं मुलें भिंतीस लागून उभीं राहिलीं. प्रदर्शनांतील कांहीं चित्रांच्या रेषा तर इतक्या सफाईदार होत्या कीं त्या दहा वर्षांच्या हातच्या नव्हत, हें कोणीही सांगावें. मुलाचें वांकडें चित्र मुलाचें असतें; बाबांनीं सरळ केलें कीं तें बाबांचें होतें, आणि बक्षीसही त्यांनींच न्यावें.

दुसरी काळजी अधिक मोठी आहे. महाराष्ट्रांत सन २०१५ पासून १५ आक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. कित्येक ठिकाणीं त्या दिवशीं पुस्तकें दोरीवर टांगतात आणि दुसऱ्या दिवशीं कपाटांत कोंडतात. आपल्याकडे हरिनामाच्या सप्ताहांत वीणा सात दिवस खालीं ठेवीत नाहींत. एकाच्या गळ्यांतून ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. पुस्तकांचेंही तसेंच व्हावें, आणि आठव्या दिवशींही व्हावें. कपाटाची किल्ली वर्गांतच राहावी आणि प्रत्येक मुलानें दर शनिवारीं एक पुस्तक घरीं न्यावें, असें मला वाटतें.

पुस्तकें फाटतील, ही भीति शाळेसही आहे आणि दंड भरावा लागेल म्हणून पालकांसही. फाटतीलच. न फाटलेल्या पुस्तकांचें कपाट फार दिवस बंद असलें पाहिजे. दंड नको, खळ, जुने कागद आणि जाड दोरा एवढें पुरे. टांका घालण्यास चौथीचीं मुलें आतां शिकलींच आहेत. पालकांपैकीं कोणास पुस्तकबांधणी येत असेल, तर त्यांनीं शनिवारीं तासभर येऊन त्यांस पुठ्ठा बसविण्यास शिकवावें.