शाळेच्या बसचा अल्टरनेटर

जुन्या डिझेल बसचे दिवे मंदावले की मोठा अल्टरनेटर बसवा, असा सल्ला शाळाचालकांस हमखास मिळतो. आमच्या मते तो सल्ला वाईट नाही, अपुरा आहे. आधी बॅटरी व पट्टा तपासावा. १२ व्होल्टच्या बसमध्ये ६० अँपिअरच्या जागी १२० अँपिअरचा अल्टरनेटर आला, तरी तार जुन्याच प्रवाहापुरती असते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. आवरण वितळून आगही लागू शकते. म्हणून तार जाड असावी आणि फ्यूज तिला साजेसा असावा. शिवाय छापील क्षमता इंजिन वेगात असतानाची होय. थांब्यावर ती बरीच कमी भरते. पालकहो, मिस्त्रीस किमतीबरोबर तारेविषयीही अवश्य विचारा. त्या बसमधून आपलीच लेकरे जातात.