मतदानाच्या तोंडावर उगवणारी पत्रे

19 जुलै 2017 रोजी कर्नाटकातल्या बिदरमध्ये लिंगायत समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला. स्वतंत्र धर्माची मागणी उघड झाली. सप्टेंबरात लातूर आणि कलबुर्गीतही तिचा पुनरुच्चार झाला. पुढच्या वर्षी विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत एक पत्र फिरू लागले. बीएलडीई या शिक्षणसंस्थेचे लेटरहेड, तिचे अध्यक्ष आणि काँग्रेसचे मंत्री एम. बी. पाटील यांचे नाव, सोनिया गांधींना उद्देशून मजकूर: हिंदूंत फूट पाडू, मुस्लिमांना एकत्र आणू, त्यासाठी जागतिक ख्रिस्ती आणि इस्लामी संघटनांची मदत घेऊ. पाटील यांनी ते बनावट ठरवले. तरीही एप्रिल 2019 मध्ये, लोकसभेच्या मतदानाला दोन दिवस उरले असताना, ते कर्नाटक भाजपच्या ट्विटर खात्यावर झळकले. त्याच महिन्यात या प्रकरणी सीआयडीने ‘पोस्टकार्ड न्यूज’ या संकेतस्थळाच्या संस्थापकाला अटक केली.

पत्रावरची तारीख पाहावी: 10 जुलै 2017, बिदरच्या मोर्चाआधी नऊ दिवस. एवढ्याने रस्त्यावर उतरलेला समाज कुणाच्या तरी कटातले प्यादे ठरतो. बसवण्णांची वचने आणि वैदिक परंपरा यांच्या नात्यावरचा हा वाद लिंगायतांचा घरचा. मुस्लिमांचा त्यात संबंधच नाही. मग त्यांना ओढले कशाला? लिंगायत मतदार दुखावून कर्नाटकात कुणाचेच भागत नाही. मागणी तर बदनाम करायची, पण मागणाऱ्याला बोल लावायचा नाही, तेव्हा तिसरा गुन्हेगार लागतो. प्रत्यक्षात बिदरजवळच्या अष्टूरला बहमनी सुलतान अहमदशहा वलीच्या उरुसात मान असतो तो कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळच्या जंगमाचा, म्हणजे लिंगायत पुरोहिताचा. लिंगायत-मुस्लिम संबंध इथे चोरून ठेवण्याची गोष्टच नाही.

काँग्रेसने मतांसाठी ही मागणी उचलली नव्हती का, असे विचारले जाईल. 19 मार्च 2018 रोजी सिद्धरामय्यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने स्वतंत्र धर्माच्या दर्जाची शिफारस केली होती. तिच्यावर हवी तेवढी टीका करावी. पण जाहीर निर्णय समोर असताना बनावट पत्राचा आधार घेणे म्हणजे टीकेला पुरावा नसल्याची कबुली. दुसरा आक्षेप वजनदार आहे: 2019 मध्ये पाटील स्वतः गृहमंत्री होते, तपास त्यांच्याच पोलिसांचा. म्हणूनच सगळी भिस्त पोलिसांवर नको. शिवाय तपासाला वेळ लागतो. ब्रिटनमध्ये 1924 साली लेबर पक्षाला अडचणीत आणणारे ‘झिनोव्हिएव्ह पत्र’ मतदानाच्या चार दिवस आधी छापले गेले. ते बनावट असल्याचे आज मानले जाते, पण निवडणूक केव्हाच पार पडली होती. पोलीस तपास मतदानाआधी संपत नाही. संपादकाचा प्रश्न मात्र छापण्याआधी विचारता येतो. मूळ प्रत कुठे आहे, ती कुणी दिली, ज्याच्या नावावर खपवली जाते आहे त्याचे म्हणणे काय? याची उत्तरे नसतील तर पत्र छापू नये, पक्षानेही फिरवू नये. हा नियम भाजपइतकाच काँग्रेसलाही लागू व्हावा.