नाडी कळते, कल्पना कळते का?

पावले, झोप, नाडी मोजणारी घड्याळे हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत आता मनगटोमनगटी दिसतात. अशाच उपकरणांनी एखाद्या गटाची सर्जनशीलताही जोखता येईल का, हे संशोधक तपासत आहेत.

सुरुवात गळ्यातल्या बिल्ल्यांपासून झाली. अमेरिकेतील एमआयटीच्या ॲलेक्स पेंटलँड यांच्या बिल्ल्यांत कोण कोणाशी, किती वेळ, कोणत्या सुरात बोलले याची नोंद होई. काय बोलले, याची नाही. बँक ऑफ अमेरिकेच्या एका कॉल सेंटरमध्ये पाळीपाळीने मिळणारी चहा-कॉफीची सुटी त्यांच्या सांगण्यावरून सर्वांना एकाच वेळी देण्यात आली. मागे पडलेल्या गटांना कॉल हाताळायला लागणारा वेळ 20 टक्क्यांहून अधिक घटला. टपरीवरचा चहा म्हणजे वेळेचा अपव्यय मानणाऱ्या साहेबांनी याची नोंद घ्यावी. पुढे हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी भिंती पाडून मोकळी केलेली कार्यालये अशाच बिल्ल्यांनी तपासली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटाच निघाला : समोरासमोरचा संवाद सुमारे 70 टक्क्यांनी घटला, ई-मेल वाढले.

पण इथे मोजली गेली ती माणसांची गाठभेट. सुचणे ही वेगळी गोष्ट. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्तप्रवाहातील चढउतारावरून नाडी मोजते. ती वाढली ती कल्पना सुचली म्हणून, वरिष्ठ समोर आले म्हणून, की लिफ्ट बंद होती म्हणून, हे घड्याळाला सांगता येत नाही. थर्मामीटर ताप दाखवतो. मलेरिया की डेंगी, हे नाही.

गटाची सुटी किंवा बसण्याची रचना ठरवण्यापुरते हे आकडे उपयोगी आहेत. तेच एकेकाच्या मूल्यमापनात शिरले, की घड्याळ पाळतीचे होते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएस घड्याळे दिली, ती उघडउघड हजेरीसाठी. कार्यालयात तेच काम ‘आरोग्य योजना’ या नावाने होऊ शकते. आणि पाळतीखालचा माणूस चुकीची ठरू शकेल अशी कल्पना मांडायलाच कचरतो.

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा ‘संवेदनशील’ वर्ग नाही. रोजगाराशी संबंधित काही कारणांसाठी मालकाला संमतीविना माहिती वापरण्याची मुभाही आहे. म्हणून कंपनीचा पट्टा बांधण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : नोंदी कोण पाहणार, कधी पुसणार आणि पट्टा नाकारल्यास बढतीवर परिणाम होणार का.