खाऱ्या विहिरी आणि इतिहासाचा तास

संग्रामपूर तालुक्यातल्या चौथी-पाचवीच्या मुलाने समुद्र बहुधा चित्रातच पाहिलेला असतो. गांधीजींनी 6 एप्रिल 1930 रोजी दांडीला मूठभर मीठ उचलले, हे वाक्य तो पाठ करतो, पेपरात लिहितो आणि उन्हाळ्याच्या सुटीत विसरून जातो. पण त्याच महिन्यात, समुद्र नसलेल्या आपल्या वऱ्हाडातही मिठाचा कायदा मोडला गेला होता. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला सत्याग्रहींनी विहिरीचे खारे पाणी आटवून मीठ काढले. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा संग्रामपूर तालुक्यातही पसरलेला आहे. विहिरीचे पाणी खारे म्हणजे काय, हे इथल्या मुलाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही; त्याच्या जिभेला ते ठाऊक असते. दहीहंड्याची हकिकत ऐकल्यावर तो लगेच विचारील, “आमच्या इहिरीच्या पान्याचं बी मीठ होईन काय?” आणि पाठोपाठ, “मंग मीठ केलं म्हून पोलीस कायले पकडत?” हा दुसरा प्रश्न उमटला की इतिहासाचा तास सुरू झाला असे समजावे.

प्राथमिक शाळेत इतिहास गोष्टीतून शिकवावा, हे आपल्याकडे सर्वांना मान्य आहे. चौथीच्या वर्गातला शिवचरित्राचा अभ्यास पिढ्यान् पिढ्या मुलांना आवडत आला, तो त्यातल्या गोष्टींमुळेच. मात्र नुसत्या गोष्टीवर थांबले तर मुलाच्या मनात दंतकथा आणि इतिहास यांची सरमिसळ होते. गोष्ट मुलाला त्या काळात नेते. तिथे गेल्यावर इकडेतिकडे पाहायला शिकवते ती गोष्टीनंतरची वर्गातली चर्चा. आणि नेमकी तीच आपल्या शाळांतून गाळली जाते. गोष्ट संपली की ‘यावरून काय बोध घ्याल?’ हा एकच ठरलेला प्रश्न येतो.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ घ्या. त्यात मोळीवाल्या म्हाताऱ्या महारणीचा प्रसंग आहे. तिची लाकडांची मोळी खाली पडते, तिला एकटीला ती उचलत नाही, आणि कोणी हात लावायला तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. बहुतेक वर्गांत हा प्रसंग ‘आई दयाळू होती’ इथे संपतो. पण ती आंघोळ? मदत करणे चांगले होते, तर आंघोळ कशासाठी? आईला स्वतःला ती हवी होती, की गावाचा धाक होता? नऊ-दहा वर्षांच्या मुलांपुढे हा प्रश्न ठेवावा आणि शिक्षकाने थोडा वेळ गप्प बसावे. माणूस चांगला असूनही आपल्या काळाच्या रूढीत अडकलेला असू शकतो, ही इतिहासातली फार अवघड गोष्ट त्या एका आंघोळीतून मुलांना कळू शकते.

याच प्रसंगाशेजारी मुक्ता साळवे ठेवता येते. जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मोळीवाल्या म्हातारीचे दुःख आपल्याला श्यामच्या डोळ्यांनी दिसते; मुक्ताने ते स्वतः लिहिले. कोण सांगतो आहे, यावरून हकिकत कशी बदलते, हे मुलांना समजावायला याहून चांगली जोडी क्वचितच सापडेल. इथे शिक्षकाने जपले मात्र पाहिजे. ज्यांच्या घरात ही आठवण अजून ओली आहे अशी मुलेही त्याच सतरंजीवर बसलेली असतात. त्यांच्याकडे बोट दाखवून किंवा त्यांनाच उदाहरण करून ही चर्चा कधीही होता कामा नये.

पोवाड्यांचेही तसेच. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला. जोतिराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा रचला तो 1869 मध्ये, इंग्रजी अमलात. राजा एकच. मग दोघांनी वेगवेगळ्या गोष्टींवर भर का दिला? दोन्हींतले चार-चार चौक म्हणून घेतले तरी मुले हे ताडतात.

शिक्षकांची अडचण आम्हाला मान्य आहे. द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन-दोन इयत्ता, त्यात माहिती भरण्याची आणि सर्वेक्षणांची कामे. चर्चेला वेळ कुठला? पण गोष्ट आणि चर्चा ही नेमकी अशाच शाळेला सोयीची पद्धत आहे. तिसरी आणि चौथी एकत्र बसून एकच गोष्ट ऐकू शकतात. थोरली मुले कारणे शोधतात, धाकटी ‘मग पुढं काय झालं’ विचारतात. आठवड्याला एक तास यासाठी राखला तरी पुष्कळ. त्या तासाला गुण नसावेत, एवढी मात्र आमची आग्रहाची मागणी आहे. गुण आले की मुले बाईंना काय हवे आहे तेच बोलू लागतात.

आणि बोलू द्यावे ते त्यांच्या बोलीत. ‘इहीर नाही, विहीर म्हण’ असे मध्येच टोकले की पोरगी प्रश्नासकट गप्प होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत कोरकू बोलणारी मुले आहेत, शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी आहेत. त्यांच्या घरातला इतिहास कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो आज्याच्या गोष्टींत आणि आजीच्या गाण्यांत आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून आपल्या घरोघरी भुलाबाईच्या सणाची गाणी सुरू होतात. त्यातला सासरचा जाच आणि माहेरची वाट कोणत्या काळातल्या बाईची आहे, हे पोरींनी आजीलाच विचारून यावे, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जसे ऐकले तसे सांगावे.